बक्षीस स्पर्धा आणि गिव्हअवे: जिंकण्याची शक्यता कशी वाढवायची

सोडतीत आपले नाव निघण्याची शक्यता म्हणजे एक साधा अपूर्णांक असतो. अंशाच्या जागी आपल्या प्रवेशिका, छेदाच्या जागी सगळ्यांच्या मिळून आलेल्या प्रवेशिका. बक्षिसे एकाहून जास्त असली तर ढोबळमानाने तितक्या पटीने शक्यता वाढते. अधूनमधून काही ना काही जिंकणारी जी मंडळी असतात, त्यांचे लक्ष छेदाकडे असते. बक्षीस किती मोठे आहे हे ती नंतर बघतात. आधी बघतात ते आपल्याबरोबर आणखी किती जण आहेत. छेद लहान असलेल्या जागा शोधायच्या, नियमात राहून अंश वाढवायचा आणि लागलेले बक्षीस हातचे जाऊ द्यायचे नाही, एवढीच तीन कामे आहेत. तिसरे काम सोपे वाटते, पण सगळ्यात जास्त बक्षिसे तिथेच निसटतात.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. दहा वेळा हरलो म्हणून अकराव्या वेळी शक्यता वाढत नाही. प्रत्येक सोडत नव्याने सुरू होते. मात्र भरपूर सोडतींत भाग घेतल्यावर *किमान एकदा* जिंकण्याची शक्यता नक्कीच वाढते. शंभरात एक शक्यता असलेल्या शंभर स्पर्धांत भाग घेतला, तर निदान एक बक्षीस मिळण्याची शक्यता ६३ टक्क्यांच्या आसपास जाते. हजारात एक शक्यता असलेल्या शंभर स्पर्धा घेतल्या तर हाच आकडा साडेनऊ टक्क्यांवर येतो, आणि लाखात एक असेल तर एक टक्क्याचा जेमतेम दहावा भाग. मेहनत तिन्हीकडे सारखीच, म्हणून कुठे भाग घ्यायचा ही निवडच सगळ्यात महत्त्वाची.

पायरी १: स्पर्धेचा प्रकार ओळखा

वरवर सगळ्या स्पर्धा सारख्या दिसतात, पण विजेता ठरवण्याच्या पद्धती चार. साधी सोडत: मुदत संपल्यावर सगळ्या प्रवेशिकांतून नाव काढतात. झटपट बक्षीस: कोड टाकला किंवा बटण दाबले की लगेच निकाल कळतो. परीक्षकांची स्पर्धा: घोषवाक्य, फोटो, निबंध, पाककृती वगैरे पाठवायचे आणि कुणीतरी ते तपासून निवड करते. आणि मतांची स्पर्धा: ज्याला जास्त लाइक किंवा मते, तो जिंकला.

मतांच्या स्पर्धांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: त्यांच्या वाटेला जाऊ नका. तिथे ओळखीचा गोतावळा मोठा असलेला माणूस जिंकतो किंवा पैसे देऊन मते मिळवणारा. आपल्या माणसांना रोज ‘मला मत द्या’ म्हणून मेसेज करत बसायचे, आणि शेवटच्या रात्री कुणाची तरी मते अचानक हजारांनी वाढलेली पाहायची. तोच वेळ बाकीच्या तीन प्रकारांना द्या.

पायरी २: छेद लहान असलेल्या जागा शोधा

गाडी, परदेशवारी, लाखोंची रोख रक्कम अशा जाहिराती सगळीकडे झळकतात आणि सगळेच भाग घेतात. त्यात नाव टाकायला हरकत नाही, पण भरवसा दुसरीकडे ठेवा. छेद लहान राहतो तो काही ठरावीक कारणांनी:

- स्पर्धा थोड्याच काळाची असते, एका दिवसाची किंवा काही तासांची.
- ती एका भागापुरती, एका वयोगटापुरती किंवा एखाद्या छंदापुरती मर्यादित असते. पक्षिनिरीक्षण, विणकाम, सायकलिंग अशा विषयांच्या नियतकालिकांतल्या स्पर्धा बाहेरच्यांपर्यंत पोचतच नाहीत.
- बक्षिसे लहान पण बरीच असतात. एका फोनपेक्षा पंचवीस पुस्तकसंच असलेली सोडत नेहमी जास्त आशादायक.
- भाग घ्यायला थोडे कष्ट पडतात.

यातले शेवटचे कारण मला सगळ्यात मोलाचे वाटते. नुसते नाव आणि ईमेल मागितले की हजारो जण भरतात. त्याच बक्षिसासाठी पन्नास शब्द लिहा म्हटले की बरेचसे लोक तिथेच थांबतात. फोटो काढून पाठवा म्हटले की आणखी गळतात, आणि एक मिनिटाचा व्हिडिओ मागितला तर उरतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इतरांना कंटाळा येतो तिथे आपण थांबायचे नाही.

समाजमाध्यमांवरच्या गिव्हअवेत तर छेद डोळ्यांसमोरच असतो. मुदत संपायला थोडा वेळ असताना कमेंट किती आल्या ते बघा. लाखभर फॉलोअर असलेल्या पानावरही एखाद्या पोस्टला दोनशेच कमेंट असतात, आणि पाच हजार फॉलोअर असलेल्या पानावर कधी तीन हजार. फॉलोअर मोजू नका, कमेंट मोजा.

पायरी ३: नियम व अटी पूर्ण वाचा

अटींचा मजकूर बारीक अक्षरात असतो आणि कंटाळवाणा असतो, पण फायद्याच्या सगळ्या गोष्टी तिथेच लिहिलेल्या असतात. १९९९ साली अमेरिकेत डेव्हिड फिलिप्स नावाच्या अभियंत्याने एका खाद्यपदार्थ कंपनीच्या योजनेचे नियम नीट वाचले. त्या कंपनीच्या उत्पादनांचे दहा बारकोड पाठवले की विमानप्रवासाचे ५०० मैल मिळत, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत पाठवले तर दुप्पट. त्याने दुकाने धुंडाळली तेव्हा त्या कंपनीची सगळ्यात स्वस्त वस्तू सापडली: पुडिंगची छोटी वाटी, किंमत २५ सेंट. त्याने अशा १२,१५० वाट्या घेतल्या. खर्च सुमारे तीन हजार डॉलर झाला आणि पदरात साडेबारा लाखांच्या आसपास मैल पडले. वाट्या त्याने एका सेवाभावी संस्थेला दान केल्या आणि तिथल्या स्वयंसेवकांनी बदल्यात त्याला बारकोड सोलून दिले. ही योजना सोडतीची नव्हती, नशिबाचा भाग शून्य होता. जाहिरात हजारोंनी पाहिली असेल. हिशेब करून पाहिला तो त्याने.

अटी वाचताना एवढे शोधा:

कोण भाग घेऊ शकतो, म्हणजे वय, राहण्याचे ठिकाण, आयोजकांचे कर्मचारी किंवा नातेवाईक चालतात का. एका माणसाला किती प्रवेशिका, आणि ती मर्यादा दिवसाची आहे, पूर्ण स्पर्धेची आहे की एका घराची. मुदत नेमकी किती वाजता संपते आणि कुठल्या वेळेनुसार. आयोजक दुसऱ्या देशातला असेल तर ‘मध्यरात्र’ तुमची नसून त्याची असते. विजेत्याला कसे कळवणार आणि उत्तर द्यायला किती वेळ मिळणार. आणि फुकट भाग घ्यायचा मार्ग आहे का.

हा शेवटचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. पैसे घ्यायचे, नशिबावर सोडायचे आणि बक्षीस द्यायचे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी ठरते, आणि लॉटरीवर बहुतेक देशांत कडक बंधने आहेत. म्हणून अमेरिकेतल्या सोडतींवर ‘नो पर्चेस नेसेसरी’ असे लिहिलेले असते आणि काही न विकत घेता, कधी फॉर्म भरून तर कधी पोस्टाने पत्र पाठवून, भाग घेता येतो. टपालाने येणाऱ्या सोडतींसाठी तिथे १९९९ मध्ये वेगळा कायदाच झाला. खरेदी केल्याने जिंकण्याची शक्यता वाढत नाही, हे ठळकपणे सांगणे त्याने बंधनकारक केले. कॅनडात याच कारणाने, निकाल निव्वळ नशिबावर राहू नये म्हणून, विजेत्याला आधी एक गणित सोडवावे लागते. (१६ × ५) − (१२ ÷ ४) अशा धाटणीचे. कंस आणि क्रिया कोणत्या क्रमाने सोडवायच्या हे विसरून घाईत चुकीचे उत्तर दिले, तर निघालेले नावही बाद.

पायरी ४: झटपट बक्षिसांची घडण समजून घ्या

‘कोड टाका आणि लगेच जिंका’ या प्रकारात लोक सगळे नशिबावर सोडतात. पण इथे वेळेची निवड खरोखर उपयोगी पडते; अर्थात, निकाल कसा ठरतो त्यावर ते अवलंबून आहे.

बऱ्याच योजनांत संगणक आधीच काही ‘विजयी क्षण’ ठरवून ठेवतो. समजा, २४ तासांत २४ क्षण, यादृच्छिकपणे पसरलेले. एखादा क्षण उलटून गेल्यावर जी पहिली प्रवेशिका येते, तिला बक्षीस. म्हणजे तुमच्या आधीची प्रवेशिका आली तेव्हापासून तुमची येईपर्यंत मध्ये जो वेळ गेला, त्या वेळात एखादा विजयी क्षण पडला असेल तर बक्षीस तुमचे. ते अंतर जितके मोठे, तितकी तुमची शक्यता जास्त.

आता आकडे घालून बघा. रात्री नऊला गर्दी असते आणि दर चार सेकंदांनी एक प्रवेशिका येते. तासाला सरासरी एक विजयी क्षण धरला तर चार सेकंदांत तो पडण्याची शक्यता ३,६०० पैकी ४, म्हणजे ९०० त एक. पहाटे चारला दर दोन मिनिटांनी एकच प्रवेशिका येते. तेव्हा शक्यता ३,६०० पैकी १२०, म्हणजे ३० त एक. कोड तोच, बक्षीस तेच, फक्त घड्याळ बदलले आणि शक्यता तीसपट झाली.

हे सगळीकडे लागू होत नाही. काही योजनांत प्रत्येक प्रवेशिकेला सारखीच शक्यता दिलेली असते, मग पहाटे उठण्यात अर्थ नाही. काहींमध्ये ‘दर पाचशेवी प्रवेशिका’ जिंकते. तिथेही वेळ पाहून काही साधत नाही. अटींमध्ये ‘विजयी क्षण’, ‘पूर्वनिर्धारित वेळ’ असे शब्द दिसले तरच गजर लावा. आणि कोड छापलेले वेष्टन टाकून देऊ नका. पडताळणीच्या वेळी मूळ वेष्टन किंवा पावती मागतात.

पायरी ५: रोजच्या प्रवेशिकांचा फायदा घ्या

‘दिवसाला एक प्रवेशिका’ असा नियम असलेली महिनाभराची स्पर्धा चिकाटीच्या माणसासाठी उत्तम. बहुतेक जण पहिल्या दिवशी भाग घेतात आणि विसरतात. समजा, दहा हजार लोकांनी सरासरी तीन प्रवेशिका पाठवल्या. एकूण तीस हजार. एकदाच भाग घेणाऱ्याची शक्यता तीस हजारांत एक. तीसही दिवस पाठवणाऱ्याची हजारात एक. ब्राउझरमध्ये अशा स्पर्धांचे एक वेगळे फोल्डर करा आणि रोज ठरलेल्या वेळी सगळ्या एकदम उघडा. नाव, पत्ता आपोआप भरण्याची ब्राउझरची सोय वापरायला सहसा हरकत नसते. पण स्वतःच फॉर्म पाठवत राहणारा प्रोग्रॅम लावला, किंवा घरातल्यांच्या नावाने खोटी खाती उघडली, तर बाद ठरवतात. आयोजक आयपी पत्ता, फोन नंबर, घरचा पत्ता जुळवून बघतात. आणि पकडले जाण्याचा विचार बाजूला ठेवला तरी, प्रामाणिकपणे एकच प्रवेशिका पाठवणाऱ्याचा हक्क त्यातून मारला जातो.

पायरी ६: परीक्षकांच्या स्पर्धेत वरचढ कसे ठरायचे

इथे नशीब कमी आणि कसब जास्त, म्हणून माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे. परीक्षणाचे निकष दिलेले असले तर ते समोर ठेवूनच लिहा. कल्पकतेला ५० टक्के, विषयाशी सुसंगतीला ३० आणि भाषेला २० टक्के असतील, तर अर्धा वेळ फक्त कल्पना सुचण्यावर घालवा, शुद्धलेखन शेवटी तपासा.

घोषवाक्याचे उदाहरण घेऊ. स्पर्धा छत्रीची आहे आणि जास्तीत जास्त बारा शब्दांत वाक्य पूर्ण करायचे आहे: ‘मला ही छत्री आवडते, कारण...’

पहिल्यांदा सगळ्यांना सुचते ते असे: ‘ती टिकाऊ, सुंदर आणि सर्वांना परवडणारी आहे.’ यात चूक काही नाही. पण अशीच दोनशे वाक्ये परीक्षकाच्या टेबलावर असतात. विशेषणे काढून टाका आणि छत्री उघडल्यावर प्रत्यक्ष काय घडते ते बघा. ‘ती मोठी आहे’ याऐवजी: ‘तिच्यात दोघे मावतात.’ बरे झाले, पण अजून कोरडे आहे. दोघे एका छत्रीत चालतात तेव्हा काय होते? एकाचा खांदा भिजतो. मग वाक्य असे होते: ‘मला ही छत्री आवडते, कारण तिच्यात दोघे मावतात आणि कुणाचाच खांदा भिजत नाही.’ ‘कारण’नंतर आठ शब्द. छत्रीचा आकार सांगून झाला, ‘मोठी’ हा शब्द न वापरता, आणि वाचणाऱ्याला स्वतःचा भिजलेला खांदा आठवला.

एवढ्यावर थांबू नका. पाच-सहा पर्याय लिहा, एक रात्र जाऊ द्या, मग मोठ्याने वाचून एक निवडा. शब्दमर्यादा एका शब्दानेही ओलांडू नका. परीक्षकाला प्रवेशिका बाजूला ठेवायला तेवढे कारण पुरते. आणि संगणकाकडून लिहून घेतलेला गुळगुळीत मजकूर पाठवू नका. तोच मजकूर, थोड्या फरकाने, आणखी पन्नास जणांनी पाठवलेला असतो.

फोटोच्या बाबतीत दोन गोष्टी. परीक्षक शेकडो फोटो आधी लहान आकारात बघतात, म्हणून तुमचा फोटो फोनवर अंगठ्याएवढा करून बघा. विषय तरीही कळला पाहिजे. दुसरी, हक्कांची अट. ‘पाठवलेल्या सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असे लिहिले असेल, तर न जिंकलेला फोटोही तुमचा राहत नाही. चांगले काम अशा ठिकाणी देऊ नका.

पायरी ७: घडी बसवा

स्पर्धांसाठी वेगळा ईमेल पत्ता उघडा. स्वतःचे खरे नाव असलेला, नीटनेटका. पासवर्ड वेगळा ठेवा, बँकेच्या खात्याशी त्याचा काहीही संबंध नको. फोन नंबर बंधनकारक नसेल तर देऊ नका, आणि जाहिराती पाठवण्याच्या संमतीची चौकट बघूनच टिक करा.

एक वही किंवा तक्ता ठेवा: स्पर्धेचे नाव, आयोजक, शेवटची तारीख, किती प्रवेशिका चालतात, कधी पाठवली, निकालाची तारीख. निकालाच्या तारखेचा रकाना अनेक जण ठेवत नाहीत, आणि तिथेच घात होतो. विजेत्याला उत्तर द्यायला काही ठिकाणी ४८ किंवा ७२ तासच मिळतात. ईमेल स्पॅममध्ये पडून राहतो, मेसेज ‘रिक्वेस्ट’च्या फोल्डरमध्ये अडकतो, अनोळखी नंबर म्हणून फोन उचललाच जात नाही. मुदत टळली की बक्षीस पुढच्या नावाला. म्हणून स्पॅम आणि मेसेज रिक्वेस्ट रोज तपासा, निकालाच्या आसपास दिवसातून दोनदा.

समाजमाध्यमांवर भाग घेताना सूचना बोट ठेवून वाचा. फॉलो करा, दोघांना टॅग करा, हॅशटॅग लिहा. यातले एक राहिले तरी नाव बाद. हॅशटॅगची स्पर्धा असेल आणि तुमचे खाते खासगी असेल, तर तुमची पोस्ट आयोजकाला दिसतच नाही. स्पर्धेपुरते खाते सार्वजनिक करा.

पायरी ८: फसवणूक ओळखा

सर्वात चांगली कसोटी: ज्यात भाग घेतलाच नाही, ते बक्षीस लागू शकत नाही. तुमची वही इथे पुन्हा कामी येते.

एक प्रकार फार पसरला आहे. खऱ्या गिव्हअवेवर तुम्ही कमेंट करता, आणि थोड्याच वेळात हुबेहूब त्याच नावाच्या, त्याच फोटोच्या खात्यावरून मेसेज येतो: अभिनंदन, या लिंकवर माहिती भरा. नाव नीट पाहिले तर एखादे अक्षर जास्त असते किंवा शेवटी टिंब जोडलेले असते. खाते कधी सुरू झाले, पोस्ट किती, हे बघा आणि मूळ पानावर जाऊन विचारा. ओटीपी, पिन, कार्डचा नंबर ही माहिती बक्षीस द्यायला लागत नाही. पैसे *घेण्यासाठी* पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘आधी डिलिव्हरीचे पैसे भरा’, ‘एका तासात उत्तर द्या नाहीतर संधी गेली’ असे म्हटले की संवाद तिथेच संपवा.

भाग घेण्याआधीही आयोजक पारखून घ्या. अटींचे पान आहे का, मुदत लिहिली आहे का, आधीचे विजेते जाहीर झालेत का. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या नियमांनुसार, या स्पर्धेशी त्या माध्यमाचा संबंध नाही, असे आयोजकाने सांगावे लागते. आणि ‘स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर केले तरच भाग घेता येईल’ अशी अट फेसबुकला चालत नाही. अशी अट दिसली तर आयोजक निदान नवखा आहे, किंवा त्याहून वाईट.

पायरी ९: बक्षीस लागल्यावर

लगेच उत्तर द्या, पण माहिती अटींत लिहिली आहे तेवढीच पुरवा. ओळखपत्राची प्रत मागितली तर त्यावर तिरपी रेघ मारून ‘फक्त अमुक स्पर्धेच्या बक्षिसासाठी’ असे लिहून द्या. सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा. बक्षीस ठरल्या वेळेत आले नाही तर आयोजकाला तारखेसह लेखी विचारा. निकाल विचारण्याचाही तुम्हाला अधिकार आहे. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर विक्रीसाठी जाहीर केलेल्या बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवून ठेवणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

कराचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये अशा बक्षिसावर सहसा प्राप्तिकर लागत नाही, अमेरिकेत ते उत्पन्नात धरले जाते, आणि भारतात सोडतीच्या बक्षिसावर ३० टक्के दराने कर आहे, उपकर वेगळा. रोख रक्कम ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर कर कापूनच हातात येते. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर मात्र वस्तू देण्याआधी कर भरला गेला आहे, याची खात्री आयोजकाला करावी लागते, आणि तो भार कधी कधी विजेत्यावर येतो. ठग नेमका याचाच आधार घेऊन ‘आधी टॅक्स भरा’ म्हणतात. फरक असा की खरा कर सरकारकडे जमा होतो, त्याचे चलन आणि प्रमाणपत्र मिळते; कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा फोन नंबरवर तो कधीच पाठवायचा नसतो. मोठी वस्तू स्वीकारण्याआधी कर कोण भरणार, वाहतुकीचा आणि नोंदणीचा खर्च कुणाचा, वस्तूऐवजी रक्कम मिळू शकते का, हे तिन्ही प्रश्न आयोजकाला लेखी विचारा आणि उत्तर हातात आल्यावरच सही करा.